कोऱ्या बाटलीचा मान

टेंभुर्णीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या त्या हिरव्या जाळीच्या शेडनेटसमोर रोज सकाळी रांग लागायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात बाटली असायची. कुणाची थंड पेयाची, कुणाची खोबरेल तेलाची. एका रिटायर मास्तरांनी तर नातवाची शाळेची बाटली आणलेली, गळ्यात अडकवायच्या पट्ट्यासकट. बाटलीत काय आहे हे विचारायची गरज नव्हती, वारं फिरलं की समजायचं. तरी नाकाला रुमाल लावणारा एक माणूस सापडत नव्हता, कारण बाटलीतलं ते निळं होतं. कुणाचं आकाशी, कुणाचं हिरवट, कुणाचं थेट मोरपंखी. आणि निळकंठबाबांचं म्हणणं असं की माणसाच्या अंगातला कॅन्सरच तो, वितळून बाहेर पडतोय.

लोक बाटल्या उन्हात धरून एकमेकांना दाखवायचे. आमच्या सासऱ्यांचं काल पारव्याच्या मानेवानी आल्तं, असं कुणी म्हटलं की शेजारचा आपल्या फिक्या बाटलीकडे बघून हिरमुसायचा. सोयरिकीच्या बैठकीत सोन्याची चर्चा करावी तशी ही मंडळी लघवीची चर्चा करत होती.

शेडनेटमध्ये पूर्वी मिरचीचं बियाणं व्हायचं. बायका दिवसभर फुलांवर वाकून हातानं पराग लावायच्या, क्रॉसिंग करायच्या. आता रोपं गेली आणि ज्या दोऱ्यांवर ती बांधायचे त्या दोऱ्यांवर बाटल्या टांगल्या गेल्या, प्रत्येकीला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. मधोमध निळ्या चादरीच्या गादीवर बाबा बसायचे. गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला भस्म, मनगटावर चालल्या पावलांची मोजणी करणारं घड्याळ. बाबा दिवसभर जागचे हलत नसत, पण घड्याळ महाग होतं.

"महादेवानं हलाहल गिळलं, त्याचा कंठ निळा झाला," बाबा सांगायचे. "तुम्ही संसारी माणसं. तुमच्या अंगात खताचं जहर, फवाऱ्याचं जहर, शेजाऱ्याच्या नजरेचं जहर. ते तुम्हाला पचायचं न्हाई. मी ते खालच्या वाटेनं काढतो."

काढायची रीत सोपी होती. संध्याकाळी बाबांच्या हातची गुळाची गोळी गिळायची. दात लावायचा नाही, दात लागला की शक्ती गेली. सकाळी बाटली भरून आणायची. निळं आलं की अंगात रोग आहे. रंग फिका होत गेला की रोग हटतोय. आणि एक दिवस बाटली कोरी, बिनरंगाची आली की माणूस मुक्त. मग बँड, हार, नारळ आणि बाबांच्या शेजारी गादीवर बसायचा मान.

हा सगळा थाट बिभीषण रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता आणि त्याचं डोकं तापत होतं. बिभीषणच्या बापजाद्यांनी मेंढरांमागं अर्धा मराठवाडा तुडवलेला. त्यानं स्वतः मात्र एका जागी बसून कपाशी केली आणि मेंढरं हौसेपुरती ठेवली. अंगानं दांडगा, तोंडानं फटकळ. सत्यनारायणाला आपण फक्त शिऱ्यासाठी येतो, हे तो यजमानाला तोंडावर सांगायचा. पण आज त्याला थट्टा सुचत नव्हती, कारण दोरीवरच्या एका बाटलीवर नाव होतं आसराबाई, आणि आसराबाई त्याची थोरली बहीण होती. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं.

आसराबाईला पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं होतं. शेडनेटच्या कामावर जाणारी ती बाई, पदर खोचून वर्षभर गप्प राहिली. ही गोष्ट सांगायची कुणाला, लेकाला की भावाला? कंबर धरली तेव्हा लेक रामेश्वर तिला संभाजीनगरला घेऊन गेला. तिथे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले की किडन्यांवर सूज आहे, आधी पाठीतून नळ्या घालून किडन्या मोकळ्या करू, मग किरणांचा शेक आणि इंजेक्शनं. रामेश्वरचं तिथेच बिनसलं.

"रोग खाली अन् नळी पाठीत," तो परत येऊन सगळ्यांना सांगत सुटला. "एका दुखण्याला गेल्तो, दुसरं गळ्यात मारून राह्यले."

रामेश्वर वाईट नव्हता, घाबरलेला होता. टेंपो चालवून त्यानं आईला सुखात ठेवलं होतं आणि तिच्या पाठीला भोकं पाडायची कल्पनाच त्याला सहन झाली नाही. बाबांनी भोकं नको म्हटलं, गोड गोळी दिली. पहिल्या बाटलीत निळं आलं आणि त्याची खात्री पटली. रंग फिका व्हायला लागला तसा तो बाबांचा मुख्य सेवेकरी झाला, खांद्यावर निळं उपरणं घेऊन रांगा लावायला लागला. आता आसराबाईची बाटली कोरी आली होती आणि येत्या गुरुवारी तिचा मुक्तीसोहळा होता.

मुक्त झालेली आसराबाई मात्र भाकरीचा तुकडा तोंडात धरू शकत नव्हती. वास आला की ओकायची. पाय असे सुजलेले की जोडवी रुतून बसली होती. सारखी उचकी, सारखी खाज. बिभीषणनं हे रांगेतून पुढे घुसून बाबांना सांगितलं, आणि ही कसली मुक्ती म्हणून चारचौघांत विचारलं. बाबा हसले. घर सोडताना भाडेकरू भिंतीला चार खिळे ठोकूनच जातो, म्हणाले, रोगाचंही तसंच. लोकांनी माना डोलावल्या. मग बाबांनी बिभीषणला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू लई धडधाकट दिसतो. घे एक गोळी. अंगात काही नसंल तर पाण्यासारखं येईल."

सगळ्या रांगेसमोर बिभीषण मागे कसा हटणार? त्यानं गोळी घेतली आणि बाबाच्याच नियमानं बाबाला खोटं पाडायचं म्हणून, दात न लावता गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेंढवाड्यामागं गेला आणि तिथेच थिजला. असं निळं त्यानं दोरीवरच्या एकाही बाटलीत बघितलं नव्हतं. शाईची दौत उलटावी तसं निळं. आयुष्यात कधी डोकं न दुखलेल्या त्या माणसानं बाटली दोनदा उन्हाकडे धरून बघितली. बायकोनं विचारलं तर काही नाही म्हणाला, पण न्याहारीला बसला नाही, आणि त्या घरात ही घटना मोठीच होती. बाटली शेडनेटमध्ये पोचली तेव्हा बाबांनी ती उन्हात धरली आणि डोळे मिटले. इतकं जहर कुणाच्यात पाहिलं नाही, म्हणाले. वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील आणि गुरुवारी एक काळा मेंढा वाहावा लागेल. पुढच्या संध्याकाळच्या म्हणून तीन गोळ्या पुडीत बांधून दिल्या. ज्यानं सत्यनारायणालाही मोजलं नाही तो बिभीषण पुडी कपाळाला लावून घरी आला. पुढं कित्येक दिवस हे आठवलं की तो स्वतःलाच शिव्या घालायचा.

एवढं मात्र खरं की भीतीनंच त्याला शहाणपण सुचलं. रामेश्वर आईला नळ्यांपासून वाचवायला बाबाकडे पळाला होता, बिभीषण बाबाला भिऊन डॉक्टरकडे पळाला. एकट्यानं जायची छाती होत नव्हती. म्हणून बुधवारी तो बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आक्का, मला कॅन्सर निघालाय, जालन्याला दाखवायला चल माझ्यासोबत. रामेश्वर सोहळ्याचा मांडव घालण्यात गुंतला होता. आसराबाईला उभं राहवत नव्हतं, पण धाकटा भाऊ घाबरलाय म्हटल्यावर तिनं सुजल्या पायात कशातरी चपला अडकवल्या.

जालन्यात डॉ. सत्यशीला म्हणून किडनीच्या डॉक्टर होत्या, मूळच्या केदारखेड्याच्या. बिभीषणनं बहिणीला बाहेर बाकावर बसवलं, आत जाऊन घरी भरून ठेवलेली दुसरी निळी बाटली टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुडीतली एक गोळी ब्लेडनं कापली आणि ग्लासभर पाण्यात टाकली. गूळ विरघळायच्या आत ग्लास बाटलीसारखा निळा झाला.

"हा रंग आहे मामा. प्रयोगशाळेत वापरतात. काचेच्या टाकीतल्या माशांना रोग झाला तर त्याच्यात टाकतात. पोटात गेला की किडनी तो गाळून लघवीत सोडते."

"म्हंजे मला कॅन्सर न्हाई?"

"तपासून सांगते. पण ही बाटली एकच गोष्ट सांगते, की तुमच्या किडन्या झकास चालू आहेत."

बिभीषणच्या जिवात जीव आला. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि त्या भरात घरची बातमीही सांगून टाकली, की बाहेर बसली ती माझी आक्का, तिची तर कोरी आली, उद्या तिचा सत्कार आहे. मॅडमच्या हातातला ग्लास तसाच राहिला. त्या उठून बाहेर गेल्या. आसराबाईच्या पायावर त्यांनी अंगठा दाबला आणि तिथे खळगा पडला तो भरून येईना. मग सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं गेलं.

मॅडमनी कागदावर दोन किडन्या काढल्या, खाली मूत्राशय काढलं आणि मधल्या दोन नळ्यांवर पेन्सिलीनं गिरवलं. कॅन्सर खाली वाढला होता आणि त्यानं जाता जाता ह्या दोन्ही नळ्या दाबल्या होत्या. वरून किडनी लघवी तयार करत होती, खाली जायला वाट नव्हती.

"व्हॉल बंद अन् मोटर चालू," बिभीषण म्हणाला.

"बरोबर तसंच. पाणी मागं तुंबतं, किडनी फुगते आणि हळूहळू काम सोडते. म्हणून संभाजीनगरला पाठीतून नळी सांगितली होती. कॅन्सर आणि किडनीचं दुखणं, दोघांचं एकमेकांकडे येणं-जाणं असतं मामा. कॅन्सर किडनी दाबतो. त्याची काही औषधं किडनीला जड जातात. किडनी जुनी आजारी असेल तर काही कॅन्सरचा धोकाही वाढतो. आणि किडनीच बसली तर कॅन्सरचं चांगलं इंजेक्शन देता येत नाही. म्हणून आधी किडनी मोकळी करायची."

बिभीषण ग्लासाकडे बघत होता. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू उतरत होतं आणि ते त्याला नको होतं.

"मंग आक्काचा रंग गेला तो..."

"किडनीनं गाळणं सोडलं म्हणून गेला," मॅडम म्हणाल्या. "सोनोग्राफी नव्हती त्या काळात डॉक्टर ह्याच रंगानं किडनी तपासायचे. रंग भरपूर आला तर किडनी चांगली, फिका आला तर बिघडलेली. तुमच्या बाबानं परीक्षा बरोबर घेतली, निकाल तेवढा उलटा लावला. जो पास झाला त्याला रोगी म्हणतो, आणि नापास झालेल्याला हार घालतो."

ते अज्ञान बाबाच्या धंद्याला किती सुरेख फळलं होतं. ज्याच्या किडन्या धडधाकट तो जन्मभराचं गिऱ्हाईक, आणि ज्याच्या बसल्या तो मुक्त होऊन घरी जाऊन मरणार, म्हणजे तक्रारीलाही परत येणार नाही.

मॅडमनी आसराबाईला भरती करून घेतलं. रक्तातले क्षार वाढून हृदय बंद पडू शकतं, तेवढं औषधानं दिवसभर धरून ठेवता येईल, पण उद्या संध्याकाळच्या आत नळी पडलीच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. आसराबाईनं सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"रामेश्वर हो म्हनंल तरच. त्यानं लई केलंय माझ्यासाठी. त्याला सांगितल्याबगर मी पाठीला हात लावू देनार न्हाई."

बिभीषणनं हात जोडले, तो चिडला, रडायच्या बेताला आला. बहीण हलली नाही. त्यानं रामेश्वरला फोन लावला तर भाचा म्हणाला, मामा, मुक्त झालेल्या बाईला दवाखान्यात नेलंच कसं, सकाळी तिला सोहळ्याला घेऊन या. आणि त्यानं फोन ठेवला. आता भाच्याला फोनवर नव्हे, बाबांच्या गादीसमोरच गाठावं लागणार होतं.

गुरुवारी शेडनेटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बँडवाल्यांनी सूर धरला होता. रामेश्वर झेंडूचा हार घेऊन रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. आईऐवजी मामा आला, आणि मामाच्या हातात काळ्या मेंढ्याची दोरी होती. मेंढा बघून बाबांचा चेहरा उजळला. इतक्या दांडग्या माणसानं नमावं ह्याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

"महाराज, मेंढा वाहायला आनलाय," बिभीषण मोठ्यानं म्हणाला. "पन त्याच्या अंगात जहर असंल तर तुम्हाला बाधायचं. आधी त्यालाबी एक गोळी देतो."

आणि बाबा काही म्हणायच्या आत त्यानं पुडीतली गोळी मेंढ्यापुढे धरली. मेंढ्याला बाबांचे नियम माहीत नव्हते. गूळ दिसल्यावर जे कोणीही करील ते त्यानं केलं. चावून चावून खाल्ला, ओठ चाटले, आणि मग मान वर करून गादीकडे बघितलं. जीभ निळी, ओठ निळे, हनुवटीवरून निळा फेस गळतोय. पुढच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली.

"जनावराच्या तोंडावाटं निघालं," बाबा सावरून म्हणाले. "मुकं जनावर, त्याची वाट वेगळी."

बिभीषणनं दुसरी गोळी फोडून पाण्याच्या तांब्यात टाकली आणि तांब्या पुढच्या माणसांना दाखवत फिरवला. पाण्यालाबी कॅन्सर झाला का महाराज, त्यानं विचारलं, पाणीबी वर्षभर येऊ का घेऊन? हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. मास्तरांनी नातवाची बाटली हळूच धोतरामागे लपवली. हा रंग आहे, माशांच्या टाकीत टाकायचा, बिभीषण सांगत होता, आणि बँडवाले वाद्यं खाली ठेवून ऐकत होते.

हसला नाही तो फक्त रामेश्वर. हार तसाच हातात धरून तो पुढे आला आणि त्यानं विचारलं ते मात्र हुशार माणसाचं विचारणं होतं.

"मामा, रंगच हाये म्हना. मी मायला रोज गोळी दिली, माझ्या हातानं. मंग तिचा रंग गेला कसा?"

"तिच्या किडन्या बंद पडून राह्यल्या रामेश्वर. म्हनून गेला. कॅन्सरनं नळ्या दाबल्या, खाली काही उतरंना. तुझा, माझा, त्या मेंढ्याचा रंग येतो, कारन आपल्या किडन्या चालू हायेत. तुझी माय जालन्याला पडलीय अन् तुझ्या होकारासाठी थांबलीय. संध्याकाळपातूर वेळ हाये."

बाबा काहीतरी हलाहलाचं बोलायला लागले, पण बायकांच्या घोळक्यातून सगुणाबाई उठून उभी राहिली होती आणि लोक तिच्याकडे बघत होते. मागच्या महिन्यात ह्याच गादीवर तिच्या नवऱ्याचा सत्कार झाला होता. नंतर आठवड्याच्या आत तो गेला, आणि बाबा म्हणाले होते की गेला खरा, पण मुक्त होऊन गेला.

सगुणाबाई कुणाला दोष देत नव्हती. तिला फक्त नीट समजून घ्यायचं होतं.

"म्हंजे माझ्या मानसाची बाटली कोरी झाली," ती म्हणाली, "तवा तो मरून राह्यल्ता. अन् मी पेढे वाटले."

ती खाली बसली नाही, बाबांकडे बघत उभी राहिली, आणि तिची ती नजर बाबांना मेंढ्यापेक्षा जड गेली. ते ध्यानाला जातो म्हणून उठले आणि मागच्या बाजूनं जाळी फाडून निघाले. कफनी तारेत अडकली तिथेच लोकांनी धरलं. गादीखाली निळ्या भुकटीचा डबा आणि गुळाची ढेप निघाली. पोलीस आले तेव्हा बाबांच्या छातीत धडधड सुरू झाली, आणि त्या वेळी त्यांनी भस्म मागितलं नाही, ईसीजी मागितला.

हे बघायला रामेश्वर तिथे नव्हता. त्यानं हार खाली टाकून टेंपो काढला होता आणि बिभीषण शेजारी बसला होता. जालन्यापर्यंत भाच्यानं टेंपो कुठेच थांबवला नाही. वॉर्डात शिरल्यावर त्यानं आईचे पाय धरले आणि हो म्हणाला. दुपारी दोन्ही बाजूंनी नळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत पिशव्या भरल्या, रिकाम्या केल्या, पुन्हा भरल्या. रामेश्वरला पिशवी बघवत नव्हती, तरी तो दुसरीकडे बघत नव्हता.

आसराबाईच्या किडन्या बऱ्याच सावरल्या आणि मग तिला संभाजीनगरला शेक सुरू झाला. ती बरी होईल की नाही हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत, आणि छातीठोक न सांगणारा माणूसच अशा वेळी भरवशाचा. फुकट गेले ते दिवस मात्र परत मिळणार नाहीत, हे मॅडमनी रामेश्वरला स्पष्ट सांगितलं.

देवाला कुणी नमस्कार करावा, न करावा, त्याचं त्यानं बघावं. पण रोग बरा झाला असं कुणी म्हटलं तर कशावरून, एवढं विचारायला देवाची परवानगी लागत नाही. रामेश्वरनं शेवटी विचारला तो प्रश्न फार चांगला होता. रंग का गेला? त्याच्या आईसाठी तो उशिरा का होईना विचारला गेला. सगुणाबाईच्या नवऱ्यासाठी कुणी विचारलाच नाही. त्या दिवशी सत्काराला दोनशे माणसं होती, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.